कोठीच्या तळाची मूठ

माझ्या दुकानात गादीच्या मागे दोन फळ्या आहेत. वरच्या फळीवर औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या ओळीने ठेवल्या आहेत आणि प्रत्येकीत मेलेले किडे आहेत. नवीन गिऱ्हाईक आधी दचकतं. धान्याच्या दुकानात लोक देवाचा फोटो लावतात, काट्याचा दाखला टांगतात. किडे कोणी मांडून ठेवत नाही. मी ठेवतो, कारण धान्य किडकं निघालं म्हणून भांडायला येणाऱ्याला मी पहिल्यांदा विचारतो, "यातला कुठला व्हता?" निम्मी भांडणं तिथंच संपतात.

खालच्या फळीवर बरण्या आहेत. त्यांत धान्य आहे. त्यांचं पुढे सांगतो.

बारामतीत माझं भुसार मालाचं दुकान आहे. मी मूळचा सुप्याकडचा, कोरडवाहू भागातला. मार्केटात पोती उचलायला आलो. पाठीवरची पोती पुढे हातगाडीवर गेली आणि हातगाडी या गाळ्यापर्यंत आली. त्यात कोणाचा हात नव्हता. 'आम्ही उभं केलं याला' असं म्हणणारे दोघं-तिघं आहेत, पण ते माझ्यासमोर म्हणत नाहीत.

दुकानात सगळंच धान्य असतं, पण माझं नाव आहे ते शाळूवर, म्हणजे रब्बीच्या पांढऱ्या ज्वारीवर. इंदापूर तालुक्यातल्या गावांतून मी तो थेट शेतकऱ्याच्या दारातून उचलतो. शेतकरी भाव सांगतो तेव्हा मी पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो. आत ऊब लागली तर समजायचं की माल एकटा नाही. मग पाणी मागतो.

"आबा, तांब्याभर पानी द्या."

"तहान लागली व्हय तात्या?"

"मला न्हाय. तुमच्या शाळूला."

मूठभर दाणे तांब्यात टाकायचे. भरीव दाणा खाली बसतो, पोखरलेला वर तरंगतो.

"वरचं फुटकं हाय ओ ते."

"फुटकं न्हाय आबा. आत भाडेकरू हाय."

भाव तिथून पुढे सुरू होतो. कोणी म्हणेल, ही चलाखी झाली. पाणी काही माझं नसतं, त्यांच्याच घरचं असतं.

सुरुवातीला मला सगळे किडे सोंडेच वाटायचे. बाजारात सगळेच तसं म्हणतात: ज्वारीतला सोंडा, हरभऱ्यातला सोंडा, पिठातला सोंडा. माझी ही चूक एका मॅडमनी काढली. त्या शेती कॉलेजात कीटकशास्त्र शिकवायच्या आणि शाळू माझ्याकडून न्यायच्या. एकदा मी हरभऱ्याचं पोतं बाजूला सारत म्हणालो, "ह्याला सोंडे लागलेत, हे नका घेऊ." त्यांनी पर्समधून भिंग काढलं, एक किडा तळहातावर घेतला आणि हात माझ्यापुढे केला.

"तात्या, याला सोंड कुठं आहे?"

मी बघितलं. नव्हती. बुटका, पाठीमागून कापल्यासारखा भुंगा होता. कडधान्यातला तो वेगळा. त्याची मादी दाण्याच्या वरच्या अंगाला पांढरं अंडं चिकटवते, ते नुसत्या डोळ्यालाही दिसतं. लोक त्याला सोंडा म्हणतात, पण तो त्या गोतातला नाही.

मग त्यांनी शाळूतला खरा सोंडा दाखवला. तिळापेक्षा थोडा मोठा, काळपट तपकिरी, पाठीवर चार पुसट तांबूस ठिपके आणि पुढे बाक असलेली सोंड. हात लावला की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतो. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट लाळेसारखं काहीतरी लावून भोक बुजवते. दाणा कितीही चाचपा, कळत नाही. आत बिनपायाची अळी दाणा खात वाढते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात साधारण महिन्याभरात नवा सोंडा दाणा फोडून बाहेर येतो.

"म्हणजे दिसला त्या दिवशी तो आलेला नसतो, तात्या," मॅडम म्हणाल्या. "तो आधीच आलेला असतो."

हे वाक्य मी धंद्याचं म्हणून लक्षात ठेवलं. तेव्हापासून बाटल्या सुरू झाल्या. दाण्याला भोकं पाडून भरपूर पीठ करणारा एक बारका भुंगेरा असतो, त्याचं डोकं वरून दिसतच नाही. तांबड्या भुंगेऱ्याला अख्खा दाणा फुटत नाही. दुसऱ्याने फोडला की तो मागून जेवायला येतो. अशी माणसंही माझ्या ओळखीची आहेत. पुढे नाद लागला आणि शेतातलेही जमा होऊ लागले. काटेवाडीच्या वांग्याच्या पानांच्या कडा कुरतडणारा राखी सोंडा. त्याच्या अळ्या खाली मुळं खातात आणि शेतकरी वर फवारत बसतो. कन्हेरीच्या रताळ्यातला मुंगीसारखा बारीक, निळसर काळा, मानेला तांबडा. तो लागलेलं रताळं कडू होतं. नारळाचा लाल, बोटाच्या पेराएवढा. आंब्याच्या कोयीतला, जो कोय फोडेपर्यंत कोणाला माहीतच नसतो. इंदापूरच्या डाळिंबाच्या खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा आणला, तेव्हा मॅडम म्हणाल्या की हाही सोंड्यांच्याच गोतातला, फक्त याला सोंड नाही.

"नाक न्हाय, पर नातं हाय," मी म्हणालो. त्या बराच वेळ हसल्या.

आता बरण्या. उचललेल्या प्रत्येक मालातली दोन मुठी ज्वारी मी बरणीत भरतो, झाकण घट्ट लावतो आणि कागदाची पट्टी चिकटवतो: गाव कुठलं, माल कोणाचा. शेतकरी उद्या म्हणाला की तुमच्या गोदामात किडलं, तर बरणी काढून दाखवायची. पण ज्या बरणीने माझं सगळ्यात जास्त काम केलं, ती शेतकऱ्यासाठी नव्हती.

गावात एक वसाहत आहे, त्यात एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाईच म्हणतात, मीही म्हणतो. दरवर्षी पाडवा झाला की वर्षाचं धान्य भरायला पहिल्या त्या यायच्या. दाणा दाताखाली धरायच्या, चाळणी स्वतः मारायच्या आणि मग बोट ठेवायच्या: "हे पोतं." त्यानंतर आठ दिवस त्यांच्या गल्लीतल्या सगळ्या बायका यायच्या आणि म्हणायच्या, "बाईंनी नेलं तेच." भावावरून मी जगाशी भांडलो असेन, बाई चष्म्यावरून नुसत्या बघायच्या आणि भाव उतरायचा.

त्या वर्षी पोतं गेलं आणि पंधरा दिवसांत बाई डबा घेऊन आल्या. दुकानात गर्दी होती. त्यांनी डब्यातली ज्वारी माझ्या काट्याच्या पारड्यात ओतली.

"तात्या, हे वाचा."

"काय वाचू, बाई?"

"अक्षरं चालायला लागलीत, दिसतंय का?"

दिसत होतं. सोंडेच होते आणि चांगले धष्टपुष्ट होते. पारड्याच्या काठावरून खाली उतरत होते.

"हे माझ्या मालातलं न्हाईत."

"मग माझ्या कोठीत आभाळातून पडले का?"

"चाळून नेलं तुमी. स्वतःच्या हातानं."

"बाहेरचं चाळलं. आतलं तुमचं तुम्हाला माहीत."

इथपर्यंत ठीक होतं. पुढे मी जे बोललो ते बोलायला नको होतं. "घरातली घाण माझ्या काट्यावर वतायची न्हाय," असं मी म्हणालो, मोठ्याने. बाईंनी रिकामा डबा उचलला, झाकण लावलं आणि त्या गेल्या. त्यांच्या मागे दुकानातल्या तीन बायका गेल्या. त्या वर्षी त्या वसाहतीतली एकही पिशवी माझ्याकडे आली नाही. समोरचा दुकानदार सकाळी शटर उघडताना विचारू लागला, "काय सोंडेवाले तात्या, आज कुठली जात आली?" बाटल्यांचं नाव बदनाम झालं ते झालंच.

चूक माझी असती तर मी गप्प बसलो असतो. त्या मालाची बरणी माझ्याकडे होती. मी ती खाली काढून गादीवर समोर ठेवली आणि रोज बघू लागलो. पंधरा दिवस, महिना, दीड महिना. मॅडमना दाखवली. त्यांनी भिंग लावून बरणी सगळ्या बाजूंनी फिरवली.

"आत अंडी असती तर या उकाड्यात एव्हाना सोंडे झाकणावर डोकं आपटत असते," त्या म्हणाल्या. "माल स्वच्छ आहे, तात्या."

म्हणजे सोंडे बाईंच्या घरचे होते. बरणी काखेत मारून मी त्यांच्याकडे गेलो. मला बाईंकडून एकच वाक्य पाहिजे होतं, आणि ते माझ्या दुकानात, लोकांच्या देखत: सोंडे तात्याच्या मालातले नव्हते. दुसरं काहीच नको होतं.

बाईंनी दार उघडलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी बरणी पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. बरणी घेऊन खिडकीपाशी गेल्या, चष्मा पुसला, बराच वेळ बघत राहिल्या.

"दाणा तोच आहे," त्या म्हणाल्या.

"तुमच्याच पोत्यातला हाय."

"मग माझ्याकडे कुठून आले?"

त्या खरंच विचारत होत्या. टोमणा नव्हता.

"कोठी दावा."

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पत्र्याची उंच कोठी होती. झाकणावर कुंकवाचं बोट. किडलेली ज्वारी त्यांनी कोंबड्यांसाठी देऊन टाकली होती, कोठी फडक्याने पुसून घेतली होती. रिकामी आहे, म्हणाल्या. मी मोबाइलची बॅटरी लावून आत वाकलो. रिकामी नव्हती. तळाशी लाल फडक्याची एक सैल पुरचुंडी होती. मी हात घालून ती काढली.

"ते राहू द्या, तात्या. ती मूठ आहे."

मला समजावून सांगायची गरज नव्हती, तरी त्यांनी सांगितलं. कोठी कधी रिकामी होऊ द्यायची नाही. जुनं धान्य संपत आलं की शेवटची मूठ तळाशी ठेवायची आणि नवीन धान्य तिच्यावर ओतायचं. मूठ म्हणजे घरातली लक्ष्मी. त्यांच्या सासूबाईंनी ती त्यांच्या हातात दिली होती आणि सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी. दरवर्षी त्यात चिमूटभर नवं पडायचं. खंड एकदाही नाही. आमच्याकडे घरोघरी हे असतं, माझ्याही घरी आहे. ती मूठ कोणी मोजत नाही, निवडत नाही. लक्ष्मीला चाळणी कोण लावतं?

मी पुरचुंडी तळहातावर सोडली. अर्ध्याच्या वर दाण्यांना भोकं होती, उरलेल्यांचं पीठ झालं होतं. दहा-बारा सोंडे पाय पोटाशी घेऊन मेल्यासारखे पडले. मग एकेक उठला आणि माझ्या मनगटाकडे चालू लागला. किती वर्षांचं बिऱ्हाड होतं कोणास ठाऊक. दरसाल चार-दोन किडे वर येत असतील, बाई निवडून टाकत असतील. त्या वर्षी उन्हाळा कडक होता आणि वंश वाढला.

बाईंनी वाकून बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. मी जिंकलो होतो. शहाण्या माणसाने तिथं फडक्याला गाठ मारून ते त्यांच्या हातात दिलं असतं. पण सोंडेवाले तात्या हे दीड महिना ऐकलेलं माझ्या डोक्यात होतं.

"ही व्हय तुमची लक्ष्मी?" मी म्हणालो, गॅलरीत गेलो आणि फडक्यासकट मूठ खालच्या गटारात टाकली.

बाई गॅलरीपर्यंत आल्या, खाली बघितलं, परत आल्या. माझी बरणी उचलून माझ्या हातात दिली.

"तुमच्या मालात सोंडे नव्हते. मला कळलं."

"मग दुकानात येऊन तेवढं सांगाल ना?"

"मघाशी येणार होते," त्या म्हणाल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. मला वाटलं, बरणीचं कौतुक होईल. तिने पीठ मळता मळता हात थांबवला.

"मूठ फेकली? दुसऱ्याच्या घरातली?"

"किडकी व्हती."

"किडकी व्हती तर उन्हात घालायची. फेकायची कशाला?"

तिने हात धुतले, आमच्या कोठीचं झाकण काढलं आणि आतली मूठ आणून माझ्यापुढे धरली. मी गाळा घेतला त्या वर्षीच्या पहिल्या पोत्यातली मूठ. एकही भोक नाही. दर उन्हाळ्यात ती पत्र्यावर पसरते, हात भाजेल इतकी तापू देते, चाळते, फडकं नवीन घेते आणि मग आत ठेवते.

"सोंड्याला ऊन सोसत न्हाय," ती म्हणाली. "लक्ष्मीला सोसतं."

"मला कधी सांगितलं न्हाईस."

"तुमी कधी कोठीत वाकून बघितलं? लोकांच्या कोठीत बरं वाकता." मग म्हणाली, "आता त्या बाईनं नवं धान्य कशावर भरायचं?"

"थोडी आपल्यातली द्यायची मग."

"तशी चालत न्हाय. आपल्याच घरातली लागती, गेल्या सालची."

आणि खरंच, त्या वर्षी बाईंनी कोठी भरली नाही. किराणा दुकानातून दोन-दोन किलो ज्वारी नेत होत्या, हे मला बायकोकडून कळत राहिलं. मी विचारत नव्हतो, तरी ती सांगत होती. बरणी मी परत फळीवर ठेवली, पण पुढे, सगळ्यांना दिसेल अशी. जो येईल त्याला दाखवायचो: हा तो माल, बघा, आहे का एक तरी. लोक बघायचे आणि हो म्हणायचे. बाईंनी म्हणणं वेगळं होतं.

पुढच्या वर्षी पाडवा झाला आणि चार-पाच दिवसांनी बाई आल्या. गर्दीच्या वेळी आल्या. मला वाटतं, मुद्दाम. पोत्यांवरून नजर फिरवली, चाळणी मागितली, दाणा दाताखाली धरला. मग मागे वळल्या आणि वर्गात बोलावं तसं बोलल्या.

"गेल्या वर्षी मी या दुकानात सोंडे ओतले होते. ते यांच्या मालातले नव्हते. माझ्या कोठीतले होते."

वर्षभर मी ज्या वाक्याची वाट बघत होतो ते हेच होतं. मी गादीवरून उठून उभा राहिलो. पण बाई थांबल्या नव्हत्या.

"आणि हे सांगायला तात्या माझ्या घरी आले. माझ्या सासूबाईंची मूठ यांनी माझ्यादेखत गटारात टाकली."

मागून कोणीतरी "अरारा" म्हणालं. मी परत गादीवर बसलो. तोंड उघडलेलं पोतं सगळं घ्यावं लागतं. त्यातले चांगले दाणे वेचून घेता येत नाहीत. हे मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगत आलोय.

बाईंनी फळीकडे बघितलं.

"ती बरणी तीच ना?"

"तीच."

"म्हणजे गेल्या वर्षीची ज्वारी. माझ्याच पोत्यातली."

"व्हय."

"मग ती मूठ म्हणून चालते," बाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

मला समजायला क्षणभर लागला. मग बरणी उतरवली. वर्ष झालं होतं, झाकण एकदाही उघडलं नव्हतं. आतला दाणा भरला त्या दिवशीसारखा होता.

"मूठभर काढून देतो, बाई. बाकीची ऱ्हाऊ द्या माझ्याकडं."

"उघडल्यावर तुम्हाला तिचा काय उपयोग?"

त्यांचं बरोबर होतं. एकदा झाकण फिरलं की ती साधी ज्वारी. साक्ष संपली. मी आयुष्यात सौदे पुष्कळ केले. इतका कमी बोललेला सौदा दुसरा नाही.

"बरणी माघारी पायजे," मी म्हणालो.

"धुऊन पाठवते."

त्यांनी एक पोतं घेतलं. भाव मी सांगितला, त्यांनी चष्म्यावरून बघितलं, तो उतरला. चार दिवसांनी बरणी परत आली, आतून बाहेरून पुसलेली. त्यांच्या गल्लीतली एक बाई घेऊन आली होती. "बाईंनी नेलं तेच द्या," म्हणाली.

गिऱ्हाईक परत आलं, हे खरं. पण बाईंनी जी दोन वाक्यं सांगितली, त्यातलं बाजाराने दुसरं धरून ठेवलं. समोरचा आता शटर उघडताना विचारतो, "तात्या, आज कुणाची लक्ष्मी गटारात?" दुसरं वाक्य घरात बोलता आलं असतं, असं माझं अजून म्हणणं आहे. ते बायकोला सांगितलं.

"मूठ तुमी घरातल्या घरात टाकली व्हती का?" ती म्हणाली.

बरणीत मी यंदाच्या मालाचा नमुना भरला आहे आणि नवी पट्टी लावली आहे. उन्हाळा सरत आला. मूठ बिनसोंड्याची, पोतं बिनसोंड्याचं. बाईंच्या कोठीला यंदा काही लागलेलं नाही, हे मला बायकोकडून कळलंय. बाईंनी ते अजून दुकानात येऊन सांगितलेलं नाही.